बांधकामावरचे सेफ्टी शूज कसे निवडावेत: आधी तळ, मग टोक

सेफ्टी शूज हातात आले की बहुतेक जण आधी टोकावर टकटक करतात. आतून कडक आवाज आला की समाधान होतं. बूट उलटा करून तळ बघणारे थोडेच. बांधकामावर पायाला रोज भिडणाऱ्या गोष्टी मात्र बहुतेक खालून येतात: सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळीतून वर आलेला खिळा, सळईचं कापलेलं टोक, ओल्या लादीवरची सिमेंटची निसरडी साय, घोटाभर काँक्रीट. वरून वीट किंवा पाइप पडला तर टोकातली टोपी बोटं वाचवते, त्यात वाद नाही. पण टोपीची गरज कधीतरी पडते, तळाची प्रत्येक पावलाला.

खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. साइटसाठी एकगठ्ठा खरेदी करणारा कंत्राटदार असो, सेफ्टी ऑफिसर असो की स्वतःसाठी एकच जोडी घेणारा गवंडी, पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: काम चालू असताना साइट फिरा

कॅटलॉग नंतर. आधी वही घेऊन साइटवर फिरा, आणि तेही काम ऐन जोरात असताना. सकाळी झाडलोट झालेली साइट आणि दुपारी सेंट्रिंग खोलताना दिसणारी साइट या दोन वेगळ्या जागा असतात. नजर खाली ठेवून चाला आणि कामागणिक नोंद करा: पायावर काय पडू शकतं, तळात काय घुसू शकतं, जमीन ओली आहे की कोरडी, चिखल आहे की गुळगुळीत फरशी, गरम काही आहे का, जवळ चालू वीज आहे का, शिडीवर किंवा परांचीवर किती वेळ जातो, गुडघे टेकून किंवा उकिडवं बसून किती काम होतं. हा शेवटचा प्रश्न बहुतेक याद्यांमध्ये नसतो. फरशी बसवणाऱ्याला बूट का नकोसे होतात, याचं उत्तर मात्र त्यातच असतं.

फेरी संपली की प्रथमोपचाराची नोंदवही उघडा. मोठे अपघात सगळ्यांना आठवतात. खिळा रुतला, घोटा मुरगळला, टाचेला फोड आला, असली किरकोळ प्रकरणं फक्त त्या वहीत सापडतात, आणि कोणता बूट हवा ते त्यांच्यावरून जास्त नेमकं कळतं.

वहीत लिहिलेला प्रत्येक धोका बुटावर ढकलायचा नाही. खोललेल्या फळ्यांमधले खिळे तिथल्या तिथे उपटणं किंवा ठोकून वाकवणं, उभ्या सळयांच्या टोकांवर टोप्या बसवणं, राडारोडा रोजच्या रोज उचलणं, सळयांच्या जाळीवर चालायला फळ्या टाकणं ही कामं बुटाच्या आधीची आहेत. इतकं करूनही जो धोका शिल्लक राहतो, त्याच्यासाठी बूट.

आणि पैसे कोणी द्यायचे? बांधकामातील सुरक्षा व आरोग्याबाबतचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८८ चा करार, क्रमांक १६७, याबाबत स्पष्ट आहे. संरक्षक साधनं मालकाने पुरवायची, त्यांची देखभालही त्यानेच करायची आणि कामगाराकडून खर्च घ्यायचा नाही. बुटाचे पैसे मजुरीतून कापले की कामगार सगळ्यात स्वस्त जोडी मागतो किंवा फाटेपर्यंत जुनीच ओढतो, हे वेगळं सांगायला नको.

पायरी २: बुटावरचा शिक्का वाचा

‘सेफ्टी’ हा शब्द खोक्यावर कोणीही छापू शकतो. बघायचा तो बुटावरचा शिक्का, बहुधा जिभेच्या आतल्या बाजूला किंवा घोट्याजवळ. त्यावर माप, उत्पादकाची ओळख, मॉडेल, बनवल्याचा काळ, मानकाचा क्रमांक आणि संरक्षणाची अक्षरं असायला हवीत. मानकाचा क्रमांकच नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

सर्वात जास्त दिसणारं मानक म्हणजे आंतरराष्ट्रीय आयएसओ २०३४५. याच कुटुंबातली आणखी दोन मानकं आहेत आणि घोटाळा तिथेच होतो. आयएसओ २०३४५ च्या बुटाची टोपी २०० जूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसते. २०० जूल म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडणं, आणि १५ किलोन्यूटन म्हणजे जवळपास दीड टनाचा भार. आयएसओ २०३४६ मध्ये हे आकडे १०० जूल आणि १० किलोन्यूटन आहेत. आयएसओ २०३४७ च्या बुटाला टोपीची अटच नाही. तिन्ही बूट शेजारी ठेवले तर वरून फरक कळत नाही, म्हणून शेवटचा आकडा नीट वाचा. बांधकामाला २०३४५ हवा. भारतीय मानक आयएस १५२९८ चे भागही असेच पाडलेले आहेत, त्यातला सेफ्टी बुटांचा भाग दुसरा. अमेरिकी एएसटीएम एफ२४१३ मध्ये टोपीची चाचणी ७५ फूट-पाउंडांवर, म्हणजे सुमारे १०२ जूलवर होते. एका मानकाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून थेट तुलना करू नका, चाचणीची रीत वेगळी आहे.

मानकाच्या क्रमांकानंतर दर्जा येतो. एस१ म्हणजे टोपी, बंद टाच, अँटिस्टॅटिक गुण (अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत सोडण्याचा) आणि टाचेत आघात शोषणारा भाग. एस२ मध्ये वरचा भाग काही काळ पाणी रोखतो. एस३ मध्ये त्याशिवाय तळात खिळारोधक थर आणि खाचांचा तळ येतो. एस१पी म्हणजे खिळारोधक थर असलेला एस१. एस४ आणि एस५ हे पूर्ण रबराचे किंवा पॉलिमरचे, म्हणजे गमबूट. यातला खिळारोधक तो एस५. २०२२ च्या आवृत्तीत एस६ आणि एस७ आले. ते अनुक्रमे एस२ आणि एस३ सारखेच, पण अख्खा बूट जलरोधक.

माझं मत सरळ आहे. उभारणी चालू असलेल्या साइटवर एस३ च्या खाली जाऊ नये. कोरड्या, उकाड्याच्या जागी एस१पी चालतो, कारण तो जास्त हवेशीर असतो. पण नुसता एस१ किंवा एस२ गोदामात ठीक, सेंट्रिंगच्या खाली नाही.

पायरी ३: बूट उलटा करा

तळात तीन गोष्टी बघायच्या: मधला खिळारोधक थर, खाचा आणि तळाचं द्रव्य.

खिळारोधक थर पोलादी पत्र्याचा असतो किंवा घट्ट विणलेल्या उच्च-ताकदीच्या धाग्यांचा. दोन्हींची चाचणी १,१०० न्यूटनच्या जोरावर होते, म्हणजे सुमारे ११० किलोचा भार एका खिळ्यावर. पत्र्याला खिळ्याची जाडी किंवा धार फारशी बाधत नाही, पण बुटाच्या शिवणीमुळे तो अगदी कडेपर्यंत नेता येत नाही. कडेने घुसलेला खिळा त्याला चुकवू शकतो. शिवाय पत्रा कडक असतो आणि गरमी-थंडी पायापर्यंत पोहोचवतो. विणलेला थर तळव्याच्या कडेपर्यंत जातो, हलका असतो, पाऊल मोडतं तसा मोडतो. त्याची दुखरी जागा म्हणजे बारीक खिळा, जो धाग्यांच्या मधून वाट काढू शकतो. जुन्या चाचणीत ४.५ मिलिमीटर जाडीचा खिळा वापरत, त्यामुळे ही उणीव झाकली जायची. २०२२ च्या आवृत्तीत म्हणूनच अक्षरं वेगळी केली. नुसतं ‘पी’ म्हणजे धातूचा थर, ‘पीएल’ म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या खिळ्यावर तपासलेला विणलेला थर, ‘पीएस’ म्हणजे ३ मिलिमीटरच्या बारीक खिळ्यावर तपासलेला. एस३ च्या शेपटीला एल किंवा एस दिसलं तर त्याचा अर्थ हाच.

सेंट्रिंगमध्ये बारीक खिळे भरपूर असतात. तिथे धातूचा थर किंवा ‘पीएस’ घ्या, ‘पीएल’ वर समाधान मानू नका. उलट दिवसभर उकिडवं बसणाऱ्याला विणलेलाच थर बरा, कारण पत्रा चवड्याखाली मोडत नाही आणि टाच सारखी निसटते.

या थराबद्दल मी इतकं का लिहितोय, त्याचं कारण जखमेत आहे. बुटातून आरपार गेलेला खिळा एकटा आत जात नाही. तळाच्या फोमचे आणि मोज्याचे कण तो सोबत नेतो. वरून भोक बारीक दिसतं, रक्तही फारसं येत नाही आणि माणूस कामाला लागतो. धनुर्वाताची भीती सगळ्यांना माहीत असते. पण बुटाच्या आतल्या दमट फोममध्ये स्यूडोमोनस नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि अशा जखमेतून ते हाडापर्यंत पोहोचल्याची प्रकरणं वैद्यकात चांगली माहीत आहेत. खिळा रुतलेल्या माणसाला पट्टी बांधून परत पाठवू नका, डॉक्टरकडे न्या.

आता खाचा. माती, खडी, चिखल असेल तर खोल आणि एकमेकांपासून लांब खाचा हव्यात, म्हणजे चालताना चिखल गळून पडतो. दाटीवाटीच्या खाचांमध्ये तो बसून राहतो आणि दहा पावलांत तळ सपाट होतो. फिनिशिंगच्या टप्प्यात, ओल्या लादीवर, हेच उलटं होतं. तिथे जमिनीला टेकणारं रबर जास्त हवं, त्यामुळे रुंद ठोकळे आणि त्यांच्यामधून पाणी निघून जायला बारीक वाटा असलेला तळ बरा. शिडीवर चढणाऱ्याच्या बुटाला टाच वेगळी दिसली पाहिजे, म्हणजे टाचेच्या पुढे तळाला सरळ खाली येणारी पायरी हवी. शिडीची दांडी तिथे अडकते. सपाट पाचरीसारखा तळ शिडीवर सरकतो. २०२२ च्या मानकात शिडीच्या पकडीसाठी ‘एलजी’ हे वेगळं चिन्ह आहे.

घसरण्याची अक्षरंही बदलली आहेत. जुन्या बुटांवर एसआरए म्हणजे साबणपाणी लावलेल्या लादीवर तपासलेला, एसआरबी म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर आणि एसआरसी म्हणजे दोन्हीवर. नव्या आवृत्तीत साबणपाण्याची चाचणी सगळ्यांनाच सक्तीची आहे आणि ‘एसआर’ दिसलं तर ग्लिसरीन लावलेल्या लादीवरचीही पार केली आहे. यातली एकही चाचणी चिखलावर होत नाही. चिखलासाठी डोळ्यांनी खाचाच बघाव्या लागतात.

द्रव्यात मुख्य निवड पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, की रबर. पीयू हलका, मऊ, दिवसभर उभं राहायला चांगला. दुहेरी घनतेच्या पीयूमध्ये आतला थर मऊ आणि बाहेरचा कडक असतो, सर्वसाधारण कामाला तो पुरतो. पण उष्णता त्याला सोसत नाही. नायट्राइल रबर जड आणि महाग, मात्र तेल, झीज आणि गरम पृष्ठभाग सोसतं. ‘एचआरओ’ चिन्ह असलेल्या तळाची चाचणी ३०० अंश सेल्सियसवर एक मिनिट होते. आतून पीयू आणि बाहेरून रबर हा मधला मार्ग आहे आणि खर्च झेपत असेल तर बहुतेक साइटना तोच सुचवेन.

पायरी ४: मग टोक

पोलादी टोपी पातळ असते, म्हणून टोकाशी जागा जास्त मिळते. कंपोझिट टोपी, म्हणजे फायबरग्लास किंवा तत्सम, हलकी असते, गरम-थंड होत नाही, पण तितकीच ताकद यायला जाड करावी लागते. दोन्ही एकाच चाचणीतून जातात, त्यामुळे कोणती सुरक्षित हा वाद फोल आहे. ॲल्युमिनियम या दोन्हींच्या मधे.

पोलादी टोपी चेपली की बोटं कापते, ही समजूत कामगारांमध्ये पक्की असते. खरी गोष्ट अशी की टोपी चेपण्याइतकं वजन पडलं असतं तर टोपीविना बोटांचं काहीच राहिलं नसतं. चाचणीतही नुसती टोपी फुटली की नाही एवढंच बघत नाहीत. आघातानंतर आत मापानुसार १२.५ ते १५ मिलिमीटर उंची शिल्लक राहिली पाहिजे, अशी अट आहे.

टोपीवर एकदा जोराचा मार बसला की तो बूट बाद. पोलादी टोपीला पोचा तरी दिसतो. कंपोझिट टोपी पुन्हा मूळ आकारात येते आणि आत तडा राहतो, जो बाहेरून कळत नाही. पायाच्या वरच्या हाडांवर जड वस्तू पडण्याची शक्यता असेल, तोडकामात किंवा जड पाइप उतरवताना, तर ‘एम’ चिन्हाचा बूट घ्या. त्यात पावलाच्या वरच्या भागालाही ढाल असते.

पायरी ५: काम तसा बूट

सगळ्या साइटला एकच मॉडेल घेणं हिशेबाला सोपं, पायांना नाही. निदान तीन-चार गट तरी पाडा.

काँक्रीट ओतणाऱ्यांना खिळारोधक गमबूट, एस५. कातडी बूट इथे चालत नाही. ओल्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणजे ते चांगलंच अल्कधर्मी. कातडं त्याने ठिसूळ होतं आणि त्वचा भाजते. वाईट म्हणजे सुरुवातीला दुखत नाही. बुटात शिरलेलं काँक्रीट तसंच ठेवून माणूस स्लॅब संपेपर्यंत उभा राहतो आणि संध्याकाळी मोजा काढताना कातडी सोबत येते. सिमेंटमधल्या षट्‌संयुजी क्रोमियममुळे ॲलर्जीचा त्वचारोगही होतो आणि एकदा ॲलर्जी जडली की सहसा सुटत नाही. याच कारणाने युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधलं हे क्रोमियम दहा लाखात २ भागांवर आणलं. गमबूट काँक्रीटच्या खोलीपेक्षा उंच हवा आणि वरून शिंतोडे आत जाणार नाहीत असं तोंड बंद हवं. आत गेलंच तर तिथल्या तिथे बूट-मोजे काढून भरपूर स्वच्छ पाण्याने पाय धुवायचा. त्यासाठी पाण्याचा नळ आणि सुक्या मोज्यांची जोडी काम सुरू होण्याआधीच तयार ठेवा.

सळई बांधणाऱ्यांना घोट्याच्या वरपर्यंत येणारा एस३. जाळीवरून चालताना पाऊल दोन सळयांच्या मधे वाकडं पडतं, त्यामुळे घोट्याला आधार आणि मधोमध न दुमडणारा तळ महत्त्वाचा. बाइंडिंग वायरची टोकं नाडीत अडकतात. नाडीची गाठ आत खोचता येईल असा बूट बघा.

परांचीवाले आणि शिडीवर काम करणारे यांना हलका, पायाला चिकटून बसणारा, वेगळी टाच असलेला बूट. नुसता पाय सरकवायचा बूट उंचीवर नको, मग तो कितीही सोयीचा असो.

वीजतंत्र्यांच्या बाबतीत घोळ फार होतो. एस१ पासून वरच्या सगळ्या बुटांत असणारा अँटिस्टॅटिक गुण अंगावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत सोडायला असतो. त्याचा रोध १०० किलोओहम ते १,००० मेगाओहम असतो. चालू विजेच्या धक्क्यापासून तो वाचवत नाही. कोरड्या जागी जादा खबरदारी म्हणून अमेरिकी मानकातला ‘ईएच’ बूट असतो, ज्याचा तळ १८,००० व्होल्टवर एक मिनिट तपासतात. तो ओला झाला, झिजला किंवा त्यात सळईचा तुकडा रुतला की भरवसा संपला. विजेच्या तारांवर प्रत्यक्ष काम करायचं तर ईएन ५०३२१ सारख्या युरोपीय मानकाचे विद्युतरोधक बूट वेगळेच घ्यावे लागतात. आणि पहिला उपाय पुरवठा बंद करून कुलूप लावणं हाच.

वेल्डर आणि गॅसकटरवाल्यांचा बूट कातडी हवा, नाडी झाकलेली हवी आणि तो एका झटक्यात काढता आला पाहिजे. ठिणगी नाडीच्या भोकातून आत गेली तर गाठ सोडायला वेळ नसतो. जाळीदार कापडाचे, स्पोर्ट्स शूजसारखे दिसणारे सेफ्टी शूज इथे नकोतच. वेल्डिंगच्या बुटांसाठी आयएसओ २०३४९ चा दुसरा भाग आहे.

डांबरीकरणाला ‘एचआरओ’ तळाचा बूट. गरम डांबरमिश्रण १५० अंशांच्या आसपास असतं आणि त्यावर पीयू मऊ पडतो. तळातून गरमी आत येऊ नये म्हणून सोबत ‘एचआय’ चिन्हही बघा. ते नसेल तर तळ टिकतो आणि पाय भाजतो. पोलादी थर इथे टाळलेला बरा.

फरशी, प्लास्टर, रंगकाम करणाऱ्यांना हलका आणि चवड्यात सहज वाकणारा बूट. गुडघे टेकून काम करणाऱ्यांच्या बुटाचं टोक जमिनीला घासून आधी तिथेच फाटतं, म्हणून टोकावर रबराचा जादा थर असलेलं मॉडेल शोधा. नव्या मानकात याला ‘एससी’ चिन्ह आहे. पाहुणे, इंजिनियर आणि सर्वेक्षक हेही साइटवर आले की साइटवरचेच, त्यांनाही एस३ लागतोच.

पायरी ६: माप घ्या, आकडा विचारू नका

‘तुझा नंबर किती?’ असं विचारून भरलेल्या यादीतले कितीतरी बूट महिनाभरात कोपऱ्यात पडतात. एका उत्पादकाचा आठ दुसऱ्याच्या साडेसातला जातो. पाऊल मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्या उत्पादकाचा मापाचा तक्ता बघा.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. माणूस उभा हवा, वजन दोन्ही पायांवर, कामाला घालतो तेच मोजे पायात. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात, मोठा असेल त्याप्रमाणे बूट. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असंही नाही.

साध्या बुटात पुढे किती जागा आहे ते अंगठ्याने दाबून कळतं. इथे टोपी मधे येते. त्यामुळे नाडी पूर्ण सैल करा, पाय पुढे सरकवून बोटं टोपीला टेकवा आणि टाचेच्या मागे हाताचं एक बोट घालून बघा. ते जेमतेम शिरलं पाहिजे. दुसरी युक्ती म्हणजे आतलं इनसोल, म्हणजे पायाखालची सुटी गादी, बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर मोकळे दिसले पाहिजेत आणि करंगळी इनसोलच्या बाहेर लोंबता कामा नये.

रुंदीकडे विशेष लक्ष द्या. ‘वापरला की सैल होईल’ हे कातड्याला लागू आहे, टोपीला नाही. आज करंगळी टोपीच्या कडेला घासत असेल तर वर्षभर घासेल आणि तिथे कुरूप होईल. लांबी वाढवून रुंदी मिळवायची सवय घातक आहे, कारण मग बूट मोडतो एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे. रुंद साच्यावर बनवलेलं मॉडेल मागवा.

नाडी बांधून या चार गोष्टी करून बघा. उताराकडे तोंड करून उभं राहा. बोटं टोपीवर आदळली तर बूट आखूड आहे किंवा नाडी सैल. गुडघा टेकून चवड्यावर बसा; टोपीची मागची कड अंगठ्याच्या सांध्यावर रुतली तर ते मॉडेल त्या पायाचं नाही. जिना चढा, टाच किंचित उचलली तर चालेल, निसटली तर नाही. आणि दहा-पंधरा मिनिटं घालून फिरा. दुकानात चावणारा बूट साइटवर जास्त चावतो.

स्त्री कामगारांना पुरुषांचाच लहान नंबर देऊन भागवण्याची रीत बंद व्हायला हवी. त्यांची टाच बहुधा चवड्याच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे पुढे बसणारा बूट मागे निसटतो. स्त्रियांच्या साच्यावरचे सेफ्टी शूज मिळतात, यादी करतानाच वेगळे मागवा. मधुमेह असलेल्यांचंही वेगळं बघा. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आलेला कळत नाही. अशा माणसाने रोज संध्याकाळी तळवे डोळ्यांनी तपासले पाहिजेत आणि बूट घेण्याआधी डॉक्टरांशी बोललं पाहिजे.

आतलं इनसोल बदलून बाजारातलं जेलचं किंवा जाड फोमचं टाकण्याआधी थांबा. जाड इनसोलने पाय वर उचलला जातो आणि टोपीखालची मोकळी उंची कमी होते, म्हणजे चाचणीत मिळालेला तो सव्वा-दीड सेंटिमीटर आपणच खाऊन टाकतो. अँटिस्टॅटिक गुणही जाऊ शकतो. त्या मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेलंच इनसोल वापरा.

पायरी ७: कातडं आणि मोजे

कातड्यात फरक एवढाच लक्षात ठेवा: अख्ख्या थराचं कातडं टिकतं. स्प्लिट, म्हणजे खालच्या थराचं कातडं, वरून लेप देऊन तसंच दिसतं, पण घोटा मोडतो त्या रेषेवर काही महिन्यांत लेप सुटू लागतो आणि पाणी शिरतं. बूट दोन्ही हातांनी वाकवून त्या रेषेवर बारीक भेगा दिसतात का बघा. मोजे घामट सुती असण्यापेक्षा लोकर-मिश्रित किंवा घाम सोडणारे कृत्रिम धाग्यांचे बरे, आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायला एक जोडी जवळ हवी.

पायरी ८: घाऊक घेण्याआधी पायात घालून बघा

दोन-तीन मॉडेल निवडा आणि वेगवेगळ्या कामांतल्या थोड्या लोकांना काही आठवडे वापरायला द्या. यात बूट नकोच म्हणणारा एखादा मुरलेला मिस्त्री जरूर घ्या. तो जे सांगेल ते कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. विचारायचं नेमकं: कुठे चावतो, कुठे सरकतो, दुपारी काढून ठेवावासा वाटतो का. ‘कसा आहे?’ असं विचारलं की ‘बरा आहे’ एवढंच उत्तर मिळतं.

पुरवठादाराकडून प्रमाणपत्र घ्या आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक खोक्यातल्या बुटाशी ताडून बघा. एका मॉडेलचं प्रमाणपत्र दाखवून दुसरं मॉडेल पाठवणं ही नेहमीची चलाखी आहे.

आणि बनवल्याची तारीख. तळावर बोटभर आकाराचं घड्याळासारखं वर्तुळ उमटलेलं असतं. कडेने महिन्यांचे आकडे, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे वळलेला बाण. पीयूचा तळ वापरला नाही तरी दमट हवेत हळूहळू विघटित होतो. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला, खोक्यातून पहिल्यांदा काढलेला कोरा बूट दोन दिवसांत तळ सोडतो, तो याच कारणाने. म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा घेऊ नये. साइटच्या भांडारातही गरजेपेक्षा फार जास्त जोड्या भरून ठेवू नका, आणि आधी आलेला माल आधी वाटा.

पायरी ९: वापर, तपासणी आणि बाद करणं

नवा बूट पहिल्या दिवशी पूर्ण पाळीसाठी घालू नये. दोन-चार दिवस थोडा-थोडा वेळ घालून पायाला बसू द्या, नाहीतर फोड येतो आणि त्यानंतर माणूस चपलेवर येतो.

रोज काम सुटल्यावर सिमेंट ओलं असतानाच धुऊन टाका. वाळलेलं सिमेंट खरवडताना कातडंही खरवडलं जातं. बूट सावलीत वाळवा, आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर ठेवला तर कातडं कडक होतं आणि तळाचा चिकटा सुटतो. घामाने भिजलेला बूट एका रात्रीत पूर्ण वाळत नाही. म्हणून एकाला दोन जोड्या देऊन दिवसाआड वापरायला लावणं शेवटी महाग पडत नाही, दोन्ही जास्त टिकतात आणि पायाला वासही कमी येतो.

आठवड्यातून एकदा, कामाआधीच्या बैठकीत, सगळ्यांना बूट उलटे करायला लावा. रुतलेले खिळे आणि खडे काढा. खाचा झिजून टाचेशी किंवा चवड्याखाली तळ गुळगुळीत झाला असेल, तळ कुठेही उघडत असेल, टोकाचं कातडं फाटून टोपी दिसत असेल, टोपीवर मार बसला असेल, आतल्या थराचं टोक तळव्याला टोचत असेल किंवा खिळा एकदा आरपार गेला असेल तर तो बूट बदलायचा. चिकटवून, शिवून, टायरचा तुकडा ठोकून चालवायचा नाही. ठराविक महिन्यांनीच नवी जोडी मिळेल हा नियम कागदावर नीटस दिसतो, पण काँक्रीटवाल्याचा बूट आणि सुपरवायझरचा बूट एकाच गतीने झिजत नाहीत. स्थिती बघून बदला.

कोणाला कोणतं मॉडेल, कोणतं माप, कधी दिलं आणि का बदललं याची साधी वही ठेवा. एकाच मॉडेलचे बूट सारखे एकाच जागी फाटत असतील तर पुढच्या खरेदीआधी ते तिथे दिसेल.

बाद केलेला बूट तसाच कचऱ्यात टाकू नका. तो कोणीतरी उचलतो आणि पुन्हा कोणाच्या तरी पायात जातो. वरचा भाग कटरने उभा चिरून, तळापासून वेगळा करून मगच टाका.